कासुलेचं बेट

केळ्याचं देठ धरून नान्सिकोम्बीनं ते मधोमध मोडलं आणि आतला गर गंजलेला दिसला. गंजलेला म्हणजे अगदी तसाच, जुन्या पत्र्याच्या कडेला असतो तसा तांबूस तपकिरी, मधल्या बियांच्या ओळीपासून सालीकडे पसरत गेलेला. बाहेरून केळं हिरवंगार होतं. त्याच फणीतली शेजारची दोन मात्र पिवळी होऊन मऊ पडली होती. काल संध्याकाळी गावाकडच्या टॅक्सीवाल्यानं घड दारात ठेवला, तेव्हा तिला वाटलं होतं की टपावर ऊन लागलं असेल. खरं तर तसं वाटलं नव्हतं, तसं वाटून घेतलं होतं. आता तिनं ते दोन तुकडे पुन्हा एकमेकांना लावले, टोकाला टोक जुळवून घट्ट दाबले, आणि क्षणभर तशीच उभी राहिली. जणू नीट जुळलं तर न मोडल्यासारखं होईल.

तिचा नवरा वलुसिंबी शर्टाची बटणं लावत स्वयंपाकघरात आला. "चहा झाला का? नासर रोडला आज माल उतरायचाय, मला लवकर जायला हवं." मग तिच्या हाताकडे बघून थांबला. "काय झालं?"

"आईंनी पाठवलेला घड."

"परसातल्या त्या केळीच्या बेटाचा?"

"त्याच."

त्यानं शेवटचं बटण लावलं. "मग टाकून दे. असंही आपण खातो कुठे? दर वेळी शेजाऱ्यांनाच वाटतेस."

"टाकून चालत नाही हे. उकिरड्यावर टाकलं तर रोग उकिरड्यावरून चालत जातो."

"कुठे चालत जातो? कंपालात कुणाची केळीची बाग आहे?" तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं हसणं आवरलं. "आईला फोन कर. सांग, शेजारच्या लुबोवाला बोलावून तोडून टाक म्हणावं."

"तू कर."

त्यानं चहाचा कप उचलला, तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहून प्यायला, आणि फोन न करता कामाला गेला.

ते बेट कासुलेचं होतं, तिच्या मुलाचं. कासुले जन्मला तेव्हा सासूबाईंनी, तेओपिस्तांनी, त्याची वार केळीच्या पानात गुंडाळून परसातल्या रसकेळीच्या बुंध्याशी पुरली होती. मुलगी असती तर भाजीच्या केळीखाली पुरली असती, मुलाची रसकेळीखाली. वार म्हणजे बाळाबरोबर आलेलं जुळं भावंड, ते मातीत वाढतं आणि हे घरात वाढतं, असं त्या सांगायच्या, आणि अंगणातून धावत सुटलेल्या कासुलेला हाक मारायच्या, "अरे, तुझा भाऊ बघ कसा शहाण्यासारखा एका जागी उभा आहे!" बेटाला पहिला घड आला तेव्हा त्याचा रस काढून सगळ्या घरानं एकाच भोपळ्यातून घोट घोट घेतला. मग सहा वर्षांचा असताना कासुलेला ताप आला. दवाखान्यातल्या त्या लांबलचक खोलीत एकेका खाटेवर दोन दोन पोरं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं अंग इतकं तापलं की तिनं हात लावला आणि दचकून काढून घेतला, आणि संध्याकाळी ते गार पडलं. त्याला केळीच्या बागेतच, घराण्यातल्या इतर माणसांशेजारी पुरलं. बेट मात्र वाढत राहिलं. केळीचं असंच असतं. एक खांब एकदाच फळतो आणि मरतो, तोवर शेजारी मुनवा, त्याचं पिल्लू, उठलेला असतो. तो फळतो, मरतो, त्याच्या शेजारी आणखी एक. असे किती खांब आले आणि गेले. बेट हळूहळू सरकत सरकत मूळ जागेपासून हातभर पुढे आलं होतं. नान्सिकोम्बीला त्या सरकण्याचीच भीती वाटायची. सासरी गेली की ती पुढच्या अंगणात बसायची, पुढच्या खोलीत झोपायची, परसात पाऊल टाकायची नाही. वारा सुटला की मागून पानांचा फटफट आवाज यायचा, ओल्या पायांनी कुणीतरी फरशीवरून पळावं तसा, आणि ती बोलता बोलता आवाज चढवायची.

आणि रोग ओळखणं हेच तर तिचं पोटापाण्याचं काम होतं. आठवड्यातून दोनदा कुठल्या तरी गावच्या बाजारात झाडाखाली टेबल मांडून ती बसायची, आणि लोक प्लास्टिकच्या पिशव्यांतून पानं, फांद्या, मुळं घेऊन यायचे. कसाव्याचं चुरगळलेलं, पिवळ्या ठिपक्यांचं पान. कॉफीची सुकलेली काडी. ती उभी चिरली की आतल्या पोकळ वाटेत काळा किडा. केळीचा कंद, सोंडकिड्यानं चाळणी केलेला. ती बघायची, हुंगायची, मोडायची, आणि काय करायचं ते सांगायची. एकदा एक म्हातारा म्हणाला होता, "डॉक्टरीणबाई, माझी बायकोही अलीकडे पिवळी पडत चाललीय, तिला काय फवारू?" आणि म्हाताऱ्याची बायको मागून ओरडली होती, "आधी किडा कुठला ते तिला दाखव, आरशात बघून!" सगळा बाजार हसला होता. केळीच्या मर रोगाबद्दल बोलताना मात्र ती हसू देत नसे. घडाखाली लोंबणाऱ्या केळफुलावर मधमाशी बसते, आजारी झाडाचा चीक तिच्या पायांना लागतो, तो ती निरोग्याच्या फुलावर नेऊन ठेवते. म्हणून घडाची शेवटची फणी धरली की केळफूल मोडून टाका. कोयत्यानं नाही, बेचक्याच्या काठीनं पिळून, कारण कोयताही रोग नेतो. कोयता लावलाच तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना आगीत धरा. आजारी खांब जमिनीलगत कापा. सगळंच बेट गेलं असेल तर मुळासकट खणून काढा आणि तिथे सहा महिने केळ लावू नका. हे तिनं किती गावांत सांगितलं असेल. सासूबाईंनाही सांगितलं होतं, पुढच्या अंगणात बसून. त्या मान डोलवत "हो, हो" म्हणाल्या होत्या.

ऑफिसात फोन करून तिनं रजा टाकली, गंजलेला घड चुलीत घालून जाळला, आणि सासरच्या गावाची टॅक्सी पकडली. कायुंगाच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या. ती खिडकीशी बसली होती आणि तिचे डोळे आपोआप कामाला लागले होते. हे पान करप्यानं गेलेलं. हे उन्हानं. हे नुसतं म्हातारं. आणि मध्येच एखादं असं की जे वाळल्यासारखं नव्हे, उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं देठातून मोडून लोंबतंय. त्या लोंबण्याकडे बघताना तिला नेहमी खाटेच्या कडेवरून खाली आलेला एक हात आठवायचा. कामावर असताना हे तिनं कधी वर येऊ दिलं नव्हतं. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं पोर झोपेत तिच्या खांद्यावर कलंडलं, आणि त्याचं ऊबदार डोकं तिथेच राहिलं. ती उतरेपर्यंत हललीसुद्धा नाही.

तेओपिस्ता ओसरीवर चटई टाकून कसावा सोलत होत्या. नान्सिकोम्बीनं गुडघे टेकून नमस्कार केला. मग घरचे कसे, कामाचे कसे, रात्र कशी गेली, वलुसिंबी कसा, कोंबड्या कशा, सगळं रीतसर विचारून झालं. त्या वेळेत दोघींपैकी कुणी दुसरीच्या डोळ्यांत बघितलं नाही.

"आई, मला ते बेट बघायचंय."

तेओपिस्तांची सुरी थांबली. "इतक्या वर्षांत नाही बघितलंस."

"आज बघते."

"फळ आवडलं नाही का?"

"आई."

म्हातारीनं सुरी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि पुढे झाली. परसातली वाट नान्सिकोम्बीच्या पायांना आठवत होती, हे तिला आवडलं नाही. कॉफीच्या झाडांमागे भाजीच्या केळींच्या रांगा नीट होत्या, वाळकी पानं काढलेली, एकेक केळफूल बेचक्यानं मोडलेलं. तिनं शिकवल्याबरहुकूम. मग ते बेट. मोठ्या खांबाची पानं देठाशी मोडून अंगाभोवती लोंबली होती. घड कालच काढलेला, पण त्याचा दांडा तसाच ठेवला होता, आणि दांड्याच्या टोकाला केळफूल होतं: काळं पडलेलं, सुरकुतलेलं, मूठभर.

"हे एवढंच नाही मोडलंत?"

तेओपिस्ता दुसरीकडे बघत म्हणाल्या, "पोराचं आहे ते. ते कसं मोडू गं मी?"

नान्सिकोम्बीला हसू फुटणार होतं. ते आलं नाही. इतकी वर्षं ही बाई सगळ्या बागेची फुलं मोडत आली, आणि या एकापाशी आली की काठी खाली ठेवून पुढे जात राहिली. आणि मधमाशा येत राहिल्या.

तिनं कोयता मागून घेतला, स्वयंपाकाच्या चुलीत तापवून आणला, आणि मोठ्या खांबावर तिरपा घाव घातला. सोपटं एकावर एक पांढरी दिसली, त्यांच्या जाळीतून पाणी झिरपलं. मग वाट बघायची. हे वाट बघणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. या वेळात ती जमलेल्या लोकांशी हवापाण्याचं बोलत असे. आज ती नुसती कापाकडे बघत राहिली. हळूहळू कापलेल्या कडेवर बारीक थेंब फुगून आले, फिक्कट पिवळे, गळवातून यावेत तसे, आणि एकमेकांत मिसळून ओघळू लागले. तिनं कोयता पुन्हा तापवला आणि मधला खांब कापला. तसंच. पुन्हा तापवला. लहान मुनवा, जेमतेम कमरेएवढा. त्याला कापताना तिचा हात हलका पडला आणि दोनदा मारावं लागलं. त्यातूनही तेच आलं. त्याचा वास आंबटसर होता, शिळ्या रसासारखा.

"एखादा कापून भागेल ना?" तेओपिस्तांनी विचारलं. "तू सांगायचीस, एकच कापा, बाकी जगतात."

"सगळे गेलेत, आई. खणावं लागेल."

"म्हणजे त्याला दुसऱ्यांदा."

नान्सिकोम्बी कोयता बाजूला ठेवून कुठून खणायचं ते बघू लागली.

कुंपणापलीकडून लुबोवा आला. त्याची भाजीची केळ कुंपणाला चिकटून होती. घरात नऊ खाणारी तोंडं आणि तीच बाग. टोपी न काढताच तो म्हातारीला म्हणाला, "जाज्जा, हे पान मी गेला महिनाभर बघतोय. तुम्हाला म्हटलं तर म्हणता, ऊन लागलंय." मग नान्सिकोम्बीकडे वळून म्हणाला, "न्याबो, तुम्ही सगळ्या तालुक्याची झाडं तपासता. तुमच्या घरची कोण तपासतं?"

"आज मी तपासली. खणायचंय."

"ते बेट?" ते कुणाचं आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याचा आवाज खाली आला. "मग राहू द्या. मी खणतो. माझा मुलगाही येईल. तुमच्या हातानं नको."

"माझ्याच हातानं. तुम्ही फावडं घेऊन या, एकटीला झेपणार नाही."

ते खणायला लागले. तेओपिस्ता चटई घेऊन आल्या आणि बेटाच्या अगदी जवळ, माती उडेल इतक्या जवळ बसल्या. नान्सिकोम्बीला वाटलं त्या रडतील, किंवा लुबोवाला शिव्या देतील. त्या बोलू लागल्या, पण या दोघांशी नाही. "घाबरू नकोस रे. हा लुबोवा आहे, तुला खांद्यावर घ्यायचा बघ, तो. आणि ही तुझी आई आहे. उशिरा आली, पण आली. थोडं दुखेल. आता मुळं निघतायत. झालंच." अगदी साध्या, दुपारच्या आवाजात. लुबोवा खाली मान घालून फावडं मारत राहिला. नान्सिकोम्बीच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि तिला थंडी वाजत होती. प्रत्येक ढेकूळ उलटताना तिचे डोळे काहीतरी शोधत होते. काय, ते तिला माहीत होतं आणि ते मिळणं शक्य नाही हेही माहीत होतं. वार म्हणजे काय, मूठभर मांस; पहिल्याच पावसात मातीची माती झालेली असणार. कंद निघाला, जड, सोंडकिड्याच्या भोकांचा, आतून तपकिरी. खाली काळी माती, गांडुळं, मुळांच्या दोऱ्या. त्याखाली तांबडी माती. मातीनं काहीही ठेवलं नव्हतं. मिळालं असतं तर ती किंचाळली असती. न मिळाल्यानं ती खड्ड्याच्या कडेवर बसून राहिली. लुबोवानं कंदाचे तुकडे केले, बाजूला ढीग रचला आणि त्यावर पालापाचोळा टाकला. कुजताना तो ढीग आतून तापेल, हात लावला तर चटका बसावा इतका. हे ती नेहमी लोकांना सांगायची. आज तिनं ते स्वतःच्या मनातही सांगितलं नाही.

कोयता पुन्हा आगीत धरायला ती स्वयंपाकघराच्या खोपटामागे गेली, आणि तिथे, भिंतीच्या सावलीत, तिला ते दिसलं. गुडघ्याएवढा मुनवा. नव्यानं लावलेला. भोवती राख, वाळक्या गवताचं आच्छादन, शेजारी पाण्याचं भांडं. पानं हिरवी, ताठ, एकही डाग नाही. रसकेळीचा.

तेओपिस्ता मागे येऊन उभ्या होत्या.

"हा कधी लावलात?"

"पहिलं पान पिवळं पडलं तेव्हा. रात्रीतून उचलून आणला."

"आई, आजारी बेटाचं पिल्लू लावायचं नसतं. किती वेळा—"

"म्हणून काय त्याला आजाऱ्यांत ठेवायचं?" म्हातारीचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तेव्हाही मी म्हटलं होतं, घरी आणा त्याला. तुम्ही सगळ्या तापाच्या पोरांत निजवलात. एका खाटेवर दोन. मी म्हटलं होतं. माझं कोण ऐकतंय? तुम्ही शिकलेले. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. उचलला आणि वेगळा केला."

ताप खाटेवरून खाटेवर उडी मारत नव्हता, तो डासाचा ताप होता, हे नान्सिकोम्बीला सांगता आलं असतं. हे ती कितीदा स्वतःला सांगत आली होती. पण मुनव्याकडे बघताना तिला नुसतं दिसत होतं की म्हातारीनं त्याच्याभोवतीची माती बोटांनी दाबून बसवली आहे. बोटांचे ठसे अजून होते. परसाच्या पलीकडे लुबोवा ढिगावर पाला टाकत होता. त्याला इथलं काही दिसत नव्हतं. दोन पावलं मागे जायचं, कोयता तापवायचा, हात धुवायचे आणि टॅक्सी पकडायची, एवढंच होतं. कुणी विचारलं नसतं. आणि पुढच्या पावसाळ्यात लुबोवाच्या कुंपणालगतची पहिली केळ मान टाकेल, किंवा टाकणार नाही.

"सेबो," तिनं लुबोवाला हाक मारली, "जरा इकडे या."

लुबोवा आला, बघितलं, आणि तेओपिस्तांकडे बघायचं टाळून उभा राहिला. नान्सिकोम्बीनं कोयत्याचं पातं जाळात धरलं. ते तापू दिलं. मग तिनं खाली वाकून मुनवा वीतभर उंचीवर सरळ, एका घावात कापला. हिरवा शेंडा सासूबाईंच्या पायाशी पडला. तेओपिस्तांनी तो उचलला नाही.

पांढरा वाटोळा काप वर तोंड करून होता. त्यावर पाणी डवरलं. तिघंही वाकून बघत राहिली. पाणी काठावर आलं, ओघळलं. स्वच्छ. तिनं बोट फिरवून बघितलं, चिकट, पण रंग नाही. आणखी वाट बघितली. सावली भिंतीवरून खाली उतरली. पिवळं काही आलं नाही.

"नाही," लुबोवा हळूच म्हणाला. आणि मग, न राहवून, "म्हणजे हा चांगला होता."

त्यानं टोपी काढली. तेओपिस्ता वळून घरात गेल्या.

नान्सिकोम्बी त्या रात्री तिथेच राहिली, कारण टॅक्सी मिळाली नसती आणि कारण तिला उठवेना. म्हातारी तिच्याशी बोलली नाही, पण तिच्यासमोर शेंगदाण्याच्या कालवणाचं ताट ठेवलं. सकाळी उजाडल्यावर ती खोपटामागे गेली. कापलेली कड तपकिरी होऊन आक्रसली होती, आणि मधोमध, घट्ट गुंडाळलेला, बाळाच्या मुठीतून एक बोट बाहेर यावं तसा नव्या पानाचा पोगा वर आला होता. फिक्कट, जवळजवळ पांढरा. बोटभर. केळ कापली की असं होतं. कोंब खाली मातीशी असतो, घाव त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हे तिला पाठ होतं. तरी तिच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि हा आनंद आहे की भीती, ते तिला वेगळं करता येईना.

तेओपिस्ता तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बरा आहे का तो?"

"माहीत नाही, आई."

"काल तर पिवळं निघालं नाही."

"आत असलं तरी इतक्यात दिसत नाही. पानं येऊ देत. एक पावसाळा जाऊ दे. तोवर इथे कुणाचा कोयता लागता कामा नये. आणि पान कललं तर मला त्याच दिवशी कळवायचं. मी लुबोवालाही सांगणार आहे, तो रोज येऊन बघेल."

म्हातारीनं मान डोलवली. मग म्हणाली, "तेव्हा मी विचारलं होतं, तर तू म्हणाली होतीस, बरा होईल."

"हो."

"आज म्हणत नाहीस."

"नाही."

तेओपिस्ता आत गेल्या. आता त्या बाहेर येणार नाहीत असं नान्सिकोम्बीला वाटलं. पण त्या बसायचे लाकडी पाट घेऊन आल्या, एक नाही, दोन, आणि ते भिंतीशी मांडले. दोघी बसल्या. ऊन कॉफीच्या झाडांवरून खाली येत होतं, लुबोवाच्या घरातून पोरांची भांडणं ऐकू येत होती. समोर तो पोगा. कितीही टक लावून बघितलं तरी तो वाढताना दिसत नव्हता. पण नजर जरा दुसरीकडे जाऊन परत आली की तो मघापेक्षा वर आलेला असायचा. म्हणून नान्सिकोम्बी मधूनमधून मुद्दाम दुसरीकडे बघू लागली.